बर्फाच्या मुलखात सौर पॅनल : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

पुण्यातून हिमालयात सौरऊर्जेची कामं घेणारे, तिकडे होमस्टे चालवणारे किंवा एखाद्या शाळेसाठी पॅनल पाठवणारे बरेच वाचक आहेत, हे या वेळच्या पत्रांवरून दिसतं. बहुतेक पत्रांत धागा एकच आहे. आराखडा पुण्याच्या आकड्यांवर काढलेला असतो आणि तोच उचलून बर्फात नेलेला असतो. पॅनलला थंडीचा त्रास नाही, उलट थंडीत ते जास्त वीज देतं. घोटाळा होतो तो कोन, उंची, पाया आणि व्होल्टेजच्या हिशेबात. म्हणून उत्तरांत शक्य तिथे आकडेमोडही दिली आहे.

प्रश्न : हिमाचलमधल्या स्पितीत काझाजवळ आमचा भागीदारीत होमस्टे आहे. हिमबिबट्या पाहायला पर्यटक जानेवारी-फेब्रुवारीतही येतात, म्हणून वीज हिवाळ्यातच जास्त लागते. ५४० वॉटची दहा पॅनल, पाच-पाचच्या दोन ओळींत लावायची आहेत. पुण्यातल्या कंत्राटदाराने घराच्या मातीच्या धाब्यावर, २० अंशांच्या कलाने, एक फूट उंचीवर लावायचं सुचवलं आहे. ते टिकेल का?
– वाचक, कोथरूड

नाही टिकणार. कल, उंची आणि जागा, तिन्ही बदला.

आधी कल. पुणे १८.५ अक्षांशावर आहे, म्हणून इथे १८-२० अंश योग्य. काझा ३२ अंशांच्या थोडं वर. २१ डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो, काझात जेमतेम ३४ अंश. तुम्हाला हिवाळ्याची वीज हवी आहे, तेव्हा अक्षांशात १५ मिळवून ४७ ते ५० अंश कल ठेवा. उन्हाळ्यात थोडं उत्पादन कमी होईल, पण तेव्हा दिवस मोठे असतात, भागून जातं. मागचा पाय दोन भोकांचा करून वर्षातून दोनदा कल बदलण्याची सोय करता येते. मात्र ऑक्टोबरच्या थंडीत ते काम खरोखर कोण करणार हे आधी ठरवा. माणूस नक्की नसेल तर ५० अंशांवर कायमचं बसवा.

कलाचा दुसरा फायदा वजनाचा आहे. समजा सपाट जमिनीवर एक मीटर बर्फ साचला आणि तो दबून घनमीटरला २५० किलो झाला. म्हणजे चौरस मीटरला २५० किलो. इमारतींवरच्या भारांसाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या चौथ्या भागात एकाच बाजूला उतार असलेल्या छपरासाठी, या भाराला गुणायचा जो गुणांक आहे, तो ३० अंशांपर्यंत ०.८ असतो आणि तिथून उतरत ६० अंशांना शून्य होतो. ५० अंशांवर तो साधारण ०.२७ येतो. २.२८ बाय १.१३ मीटरचं एक पॅनल जमिनीवर जेवढी आडवी जागा झाकतं तेवढ्याच जागेचा बर्फ धरला, तर त्यावर २० अंशांच्या कलात सुमारे ४८० किलो भार धरावा लागतो, ५० अंशांत सुमारे ११० किलो. बर्फाची नेमकी जाडी तुमच्या गावची घ्या, पण हे प्रमाण तसंच राहतं. अट एकच, बर्फ घसरून खाली पडायला मोकळी जागा हवी.

एक फूट उंची म्हणूनच चालत नाही. पॅनलवरून घसरलेला बर्फ पुढ्यात साचतो. त्याचा ढीग खालच्या कडेला टेकला की वरचा बर्फ अडकतो, घसरणं थांबतं आणि वर काढलेला ११० किलोंचा हिशेब कोलमडतो. सगळा भार खालच्या कडेवर जमतो. ॲल्युमिनियमची खालची चौकट वाकून काच तिच्यातून निसटते. बर्फाळ भागात पॅनल फुटतं ते बहुतेक वेळा असं खालून फुटतं. गावात जितका बर्फ साचतो त्यावर आणखी अर्धा मीटर धरा. कमीत कमी १.२ मीटर उंचीवर खालची कड ठेवा. तेव्हा वरची कड जमिनीपासून जवळजवळ तीन मीटरवर जाईल. एवढ्या उभ्या पॅनलवर वाऱ्याचा जोर मोठा असतो, म्हणून मागच्या खांबांना तिरपे आडवे ताण द्यायलाच हवेत.

मातीच्या धाब्यावर हे बसवू नका. पॉप्लरच्या तुळया, वर काटक्या आणि मातीचा थर अशी ती रचना असते. लोक प्रत्येक हिमवर्षावानंतर फावड्याने बर्फ ढकलून देतात, कारण छप्पर ओल आणि भार दोन्ही सहन करत नाही. तिथे भोकं पाडली तर उन्हाळ्यात गळणार, दगड-काँक्रीटची वजनं ठेवली तर तुळया झुकणार. शिवाय बर्फ ओढणाऱ्या माणसाला वावरायला जागा उरणार नाही. मोकळ्या जमिनीवर लावा.

दोन ओळींतलं अंतर पुण्याच्या चौपट लागेल. ५० अंशांत पॅनलची उभी उंची १.७५ मीटर येते. २१ डिसेंबरला सौरवेळेनुसार सकाळी नऊला काझात उत्तर दिशेने पडणारी सावली उंचीच्या दुप्पट असते, म्हणजे साडेतीन मीटर. पुण्यात १९ अंशांच्या कलाला हेच अंतर नव्वद सेंटिमीटर येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दक्षिणेकडचा डोंगर डिसेंबरमध्ये सूर्य किती वाजता सोडतो हे गावकऱ्यांना विचारा. सूर्य अकराला डोंगरावर येत असेल, तर नऊच्या सावलीची चिंता करू नका. जागाच बदलता येते का ते पाहा.

पाया. ओली, बारीक गाळाची माती गोठते तेव्हा फुगते आणि खांबाला बाजूंनी घट्ट धरून वर उचलते. वसंतात बर्फ वितळतो तेव्हा खांब पूर्वीच्या जागी बसत नाही. दोन-तीन वर्षांत ओळ वाकडी होते, क्लॅम्प ओढले जातात आणि काचेवर पीळ पडतो. पाया किती खोल न्यायचा हे ठरवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे, पिण्याच्या पाण्याचा नळ गोठू नये म्हणून तिथे तो किती खोल पुरतात हे विचारणं. पाया त्याच्या खाली गेला पाहिजे. तळाशी रुंद, वर निमुळता ठेवा, बाजूंनी माती न भरता खडी भरा म्हणजे पाणी निघून जाईल. पाच पॅनलच्या एका ओळीची लांबी ५.७५ मीटर होते, २.३ मीटर अंतराने तीन चौकटी, प्रत्येकीला पुढे-मागे एक असे सहा पाये. दोन ओळींना बारा. पायाचं आकारमान मात्र तिथल्या वाऱ्यावरून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या.

काँक्रीट जुलै-ऑगस्टमध्ये ओता. पाच अंशांखाली ते फार हळू घट्ट होतं आणि ताकद येण्याआधी एकदा गोठलं तर नंतर कितीही पाणी मारा, ते भुसभुशीतच राहतं. रात्री गोणपाट आणि प्लास्टिकने झाकून ठेवा. कुंझुम खिंडीचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, किन्नौरकडून फेरा पडतो. सामान जूनपर्यंत रवाना व्हायला हवं. पॅनल ट्रकमध्ये आडवी एकावर एक न रचता उभी ठेवा, आणि दहाला एक जास्त पाठवा. त्या रस्त्यावर काच न फुटताही आतल्या सेलना बारीक तडे जातात.

पॅनल उभं बसवायचं की आडवं? हल्लीच्या अर्ध्या सेलच्या पॅनलमध्ये वरचा आणि खालचा भाग समांतर जोडलेला असतो, म्हणून उभं बसवलं तरी खालचा भाग बर्फाने झाकल्यावर वरचा चालू राहतो. जुनी, पूर्ण सेलची ७२ सेलवाली पॅनल मिळाली तर ती आडवीच बसवा, नाहीतर खालच्या वीतभर बर्फाने सगळं पॅनल बसून जाईल.

प्रश्न : लेहजवळ साधारण ६ किलोवॉटचं काम मिळालं आहे. ५४० वॉटची ११ पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये (एकामागे एक जोडलेल्या साखळीत), ६०० व्होल्ट मर्यादेचा इन्व्हर्टर. पुण्यात हीच जोडणी बिनघोर चालते. तिकडे काही वेगळं पाहायचं का?
– इन्स्टॉलर, कर्वेनगर

हो, आणि हे न पाहिल्यास इन्व्हर्टर पहिल्याच हिवाळ्यात जळेल.

पॅनलवरचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे भार जोडलेला नसतानाचं व्होल्टेज, २५ अंशांना मोजलेलं असतं. सेल थंड झाला की ते वाढतं, अंशामागे साधारण ०.२८ टक्के. तुमच्या पॅनलचं व्होल्टेज ४९.६ धरलं तर अकराचे ५४५.६ व्होल्ट होतात. पुण्यात हिवाळ्यातल्या पहाटेचे १० अंश धरले तर ५६८, म्हणजे मर्यादेत. उणे २५ अंशांना फरक ५० अंशांचा, वाढ १४ टक्के, आणि स्ट्रिंग ६२२ व्होल्टवर जाते. सकाळी पहिलं ऊन पडतं तेव्हा पॅनल अजून गोठलेलं असतं आणि इन्व्हर्टरने भार घेतलेला नसतो. नेमकं तेव्हाच हे व्होल्टेज येतं. निरभ्र रात्री पॅनल आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतं, म्हणून हवामान खात्याच्या किमान तापमानाहून पाच अंश खाली धरून हिशेब करा. दहा पॅनल घेतली तर उणे ३० लाही ५७२ व्होल्ट येतात. दहाच घ्या. अकरावं हवंच असेल तर जास्त मर्यादेचा इन्व्हर्टर घ्या.

करंटकडेही लक्ष द्या. ताजा बर्फ पडलेल्या प्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकतो, कोरडी माती २० टक्क्यांच्या आसपास. दोन्ही बाजूंनी वीज देणारी बायफेशियल पॅनल असतील तर मागून येणारी भर लक्षणीय असते. फ्यूज आणि वायर निव्वळ पुढच्या बाजूच्या शॉर्ट सर्किट करंटवर निवडू नका. बायफेशियल पॅनल बर्फात घ्यावीत असं आमचं स्पष्ट मत आहे. वरची काच झाकलेली असतानाही मागून थोडी वीज तयार होते, पॅनल किंचित तापतं आणि बर्फाचा थर लवकर सुटतो.

इन्व्हर्टरच्या पत्रकात दोन ओळी शोधा : किमान तापमान आणि कमाल उंची. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. विरळ हवेत पंखा आणि हीटसिंक कमी उष्णता काढतात, त्यामुळे पुष्कळ इन्व्हर्टर २००० मीटरच्या वर क्षमता कमी करून चालवावे लागतात. ते घराच्या आत बसवा.

अर्थिंगबद्दल थोडक्यात. गोठलेल्या मातीचा विद्युतरोध अनेक पटींनी वाढतो. उन्हाळ्यात मोजून आलेला चांगला आकडा जानेवारीत खरा नसतो. रॉड गोठणाऱ्या थराच्या खाली पोचला पाहिजे. खडक लागला तर एकाऐवजी दोन-तीन रॉड अंतराने टाकून जोडा.

प्रश्न : आमचं भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सौर स्ट्रक्चरची नेहमीची कामं करतो. लडाखसाठी पहिलीच ऑर्डर आहे. मालात काय बदल करावा?
– वाचक, भोसरी

पहिली गोष्ट, बंद पाइप. चौकोनी पाइपच्या खांबात पाणी शिरलं आणि गोठलं की ते नऊ टक्क्यांनी फुगतं आणि शिवणीवर पाइप उभा फाटतो. वरचं तोंड टोपी वेल्ड करून बंद करा, आणि बेसप्लेटच्या लगेच वर १०-१२ मिलिमीटरचं भोक पाणी निघायला ठेवा. हे भोक गॅल्व्हनायझिंगच्या आधीच पाडा. टाकीत बुडवताना जस्त आत-बाहेर खेळायलाही तेच लागतं. साइटवर भोकं पाडणं टाळा. पाडावंच लागलं तर कापलेल्या कडेला जस्ताचा रंग दोन हात लावा. गॅल्व्हनायझिंग ८० मायक्रॉन.

पोलाद कोणतं, हेही विचारा. पोलादाच्या आयएस २०६२ या भारतीय मानकात एकाच ताकदीच्या पोलादाचे ए, बीआर, बी-० आणि सी असे उपप्रकार आहेत. बीआरची आघात चाचणी साध्या तापमानाला होते, बी-० ची शून्याला, सीची उणे २० ला. थंडीत पोलाद ठिसूळ होतं, आणि वेल्डच्या खाचेतून तडा जातो. मुख्य खांब आणि वेल्ड केलेल्या जोडांसाठी सी घ्या, मिल टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या. पर्लिन, म्हणजे पॅनल ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या, अशा हलक्या, बोल्टने जोडलेल्या भागांत एवढी गरज नाही.

उणे २५ ते अधिक ३५ म्हणजे ६० अंशांचा फरक. बारा मीटर लांब ॲल्युमिनियमची पट्टी त्यात सोळा मिलिमीटरहून जास्त आकुंचन-प्रसरण पावते, पोलाद नऊच्या आसपास. लांब पट्टी सलग न ठेवता सहा मीटरला जोड द्या, जोडाची भोकं लांबट ठेवा आणि कोणतंही पॅनल त्या जोडावर अर्धं इकडे, अर्धं तिकडे बसवू नका.

क्लॅम्पची जागा ही तुमची नसून पॅनल कंपनीची निवड आहे. पत्रकावर लिहिलेले ५४०० पास्कल (पॅनल किती दाब सोसतं त्याचा आकडा) ठरावीक ठिकाणी क्लॅम्प लावल्यावरच लागू होतात, बहुधा लांब बाजूवर, टोकापासून पाव लांबीच्या आसपास. आखूड बाजूने धरलं तर हीच क्षमता निम्म्याच्याही खाली येऊ शकते. शिवाय ५४०० हा चाचणीचा भार आहे, १.५ ने भागून आलेले ३६०० पास्कल, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३६५ किलो, एवढाच आराखड्यात धरायचा. काही कंपन्या ५४०० साठी तिसरी आडवी पट्टी मागतात. त्यांचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल ग्राहकाकडून मागवून मगच ड्रॉइंग करा.

खालच्या बाजूला काहीही पुढे आलेलं नको. पट्टीचं टोक किंवा बोल्ट पॅनलच्या खालच्या कडेपुढे दोन इंच आला तरी बर्फ तिथे अडकतो. आणि केबलसाठी चॅनलच्या आत जागा ठेवा. लोंबती वायर घसरत्या बर्फाबरोबर कनेक्टरसकट उपटून येते. नायलॉनचे टाय तिकडच्या थंडीत आणि उन्हात तुटतात, स्टेनलेस स्टीलचे द्या.

प्रश्न : आमच्या संस्थेने लडाखमधल्या एका शाळेला सौरसंच दिला. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या व्हरांड्यात पेटीत ठेवल्या होत्या. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा दोन बॅटऱ्या तडकलेल्या होत्या. थंडी एवढी होती की त्या टिकणारच नव्हत्या, असं पुरवठादार म्हणतो. खरं आहे का?
– वाचक, सदाशिव पेठ

अर्धंच खरं आहे. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतल्या ॲसिडची घनता १.२८ असते आणि ते उणे ६० अंशांच्याही खाली गोठतं. रिकामी होत घनता १.१० वर आली की तेच ॲसिड उणे ७-८ अंशांना गोठतं आणि डबा फोडतं. म्हणजे बॅटऱ्या आधी रिकाम्या झाल्या, मग गोठल्या.

रिकाम्या कशा झाल्या, तेही कळतं. शाळा बंद असली तरी इन्व्हर्टर चालू राहिला असेल तर तो स्वतःच ३० वॉटच्या आसपास खातो, दिवसाला पाऊण युनिट. चार बॅटऱ्यांत मिळून ७.२ युनिट असतात, आणि थंडीत त्याहून बरेच कमी हाती लागतात. पॅनल बर्फाखाली असतील तर आठ-दहा दिवसांत संच रिकामा. दुसरं कारण चार्जरचं. थंडीत शिसं-ॲसिड बॅटरीला जास्त व्होल्टेज लागतं, १२ व्होल्टच्या बॅटरीला अंशामागे १८ ते २४ मिलिव्होल्ट. शून्य अंशांना हा फरक अर्ध्या व्होल्टचा होतो. तापमानाचा सेन्सर नसेल, किंवा तो बॅटरीच्या अंगाला न चिकटवता खोलीत लटकवलेला असेल, तर बॅटरी सगळा हिवाळा अर्धवट चार्जवरच राहते.

यापुढे सुट्टी लागायच्या आधी संच पूर्ण चार्ज करा, हायड्रोमीटरने प्रत्येक सेल तपासा, इन्व्हर्टरचा डीसी स्विच बंद करा आणि चार्ज कंट्रोलर चालू ठेवा. डिस्टिल्ड वॉटर घालायचं असेल तर चार्जिंगच्या आधी घाला. नंतर घातलेलं पाणी ॲसिडात मिसळत नाही, वर तरंगून तिथेच गोठतं. बॅटऱ्या दक्षिणेकडच्या, ऊन येणाऱ्या खोलीत, सर्व बाजूंनी दोन-तीन इंच थर्माकोल लावलेल्या पेटीत ठेवा. पेटीला वरच्या बाजूला हवेची नळी बाहेर काढा, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो.

लिथियम घ्यावी का, असंही तुम्ही विचारलं आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली वीज देते, पण शून्याखाली चार्ज केली तर आत धातूचं लिथियम साचून ती कायमची बिघडते. शून्याखाली चार्जिंग आपोआप तोडणारी आणि स्वतःचा हीटर असलेलीच घ्या. सुट्टीत कोणीही नसणाऱ्या शाळेसाठी तिची किंमत आम्हाला योग्य वाटते.

प्रश्न : मुलगी-जावई कॅनडात कॅल्गरीला असतात. छपरावर पॅनल आहेत. दर हिमवर्षावानंतर जावई शिडी लावून बर्फ काढतात, त्याची काळजी वाटते.
– वाचक, सहकारनगर

त्यांना शिडीवर चढू देऊ नका. कॅल्गरी ५१ अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारी सूर्य जेमतेम १५-१६ अंश वर असतो, दिवस लहान असतो. त्या महिन्यांत बर्फ काढून मिळणारी वीज वर्षाच्या हिशेबात फारच थोडी. तिथे चिनूक नावाचे उबदार वारे मधूनमधून येतात आणि बर्फ आपोआप उतरतो. मार्चमधला बर्फ काढण्यासारखा असतो, तोही जमिनीवर उभं राहून, लांब दांड्याला फोमचं डोकं असलेल्या खोऱ्याने. सगळं पॅनल घासून लख्ख करू नये. कडेचा हातभर भाग उघडा झाला की तो काळा भाग तापतो आणि बाकीचा थर घसरतो. धातूचं फावडं, मीठ आणि गरम पाणी ही तिन्ही वर्ज्य. गोठलेल्या काचेवर गरम पाणी पडलं तर ती तडकते. घसरणारा थर दारावर किंवा गाडीवर पडत असेल तर त्या भागात छपराच्या कडेला बर्फ अडवणारी पट्टी बसवून घ्या.

प्रश्न : पुण्यात बर्फ नाही, पण गारा पडतात. ५४०० पास्कलचं पॅनल घेतलं तर गारांपासून बचाव होईल का?
– वाचक, सिंहगड रस्ता

नाही. पास्कलचा आकडा स्थिर भाराचा आहे, गारेचा आघात वेगळा. आयईसी ६१२१५ या पॅनलच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या चाचणीत २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने पॅनलवर अकरा ठिकाणी मारतात. याहून मोठ्या गोळ्याची चाचणी झालेली पॅनलही मिळतात. पत्रकात व्यास लिहिलेला असतो, तो पाहा. काच शक्यतो ३.२ मिलिमीटर टेम्पर्ड घ्या. गारपिटीनंतर काच शाबूत दिसली तरी महिनाभर त्या स्ट्रिंगचं उत्पादन शेजारच्या स्ट्रिंगशी ताडून पाहा, आणि विम्याच्या पॉलिसीत गारपीट हा शब्द आहे का ते आजच तपासा.